जुन्या युद्धकालीन फोटोतील विमानाचे नाव वारंवार का चुकते: तपासणीचा क्रम

गोव्यातील पुष्कळ घरांत, पेटाऱ्याच्या तळाशी किंवा ओटीवरच्या चौकटीत, एखादा असा फोटो असतो की ज्यात पणजोबा किंवा त्यांचे कोणी भाऊबंद एका दुपंखी विमानाशेजारी उभे आहेत आणि खाली कोणीतरी बऱ्याच नंतर बॉलपेनने ‘पहिले महायुद्ध, सॉपविथ कॅमल’ असे लिहून ठेवले आहे. येथील माणसे त्या काळात मुंबई, कराची, बसरा, मोम्बासा, दार-ए-सलाम अशा ठिकाणी कारकून, आचारी, तारवटी, डॉक्टर म्हणून गेली होती, आणि पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या कुटुंबांचे सावंतवाडीकडील सोयरे मराठा पलटणींत होते. त्यामुळे असे फोटो घरात असण्यात नवल नाही. फोटोंतील विमाने ओळखून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि दुरुस्त करावी लागणारी चूक जवळजवळ दर वेळी तीच असते: नाव आधी ठरते आणि पुरावा मागाहून त्याला चिकटवला जातो. म्हणून खालचा क्रम पाळावा. त्यात बिनखर्चाच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या शेवटी आहेत.

लक्षणे

फोटोवर लिहिलेले साल आणि सांगितलेले विमान एकमेकांशी जुळत नाही. म्हणजे ‘बसरा १९१६’ असे लिहिलेले असते आणि विमान मात्र १९१७ च्या मध्यावर प्रत्यक्ष सेवेत आलेले कॅमल, म्हणजे सॉपविथचे ब्रिटिश लढाऊ विमान, असल्याचे सांगितले जाते. किंवा तोच फोटो तीन माणसांना दाखवला तर तीन नावे मिळतात. किंवा विमानावर काळा क्रूस दिसतो म्हणून ते जर्मन ठरवले जाते, पण भोवतीची माणसे जर्मन गणवेशात नसतात. किंवा पंखावरचा गोल जपानी वाटतो, आणि विमान मात्र ब्रिटिश बांधणीचे असते. फोनमधील चित्रशोध प्रत्येक वेळी हल्ली प्रदर्शनासाठी बनवलेल्या एखाद्या चकचकीत प्रतिकृतीकडे नेतो, हेही नेहमीचेच लक्षण आहे. यांपैकी एक जरी आढळले तरी फोटोखालचे नाव तात्पुरते बाजूला ठेवावे आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी.

आधी फोटोची मागची बाजू

याला पैसा लागत नाही, आणि तरीही हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते, कारण फोटो चौकटीत असतो आणि चौकट उघडण्याचा कंटाळा येतो. मागे पोस्टकार्डाच्या रेषा, तिकिटाची चौकट, स्टुडिओचा शिक्का, शाईतील एखादी ओळ यांपैकी काहीही असू शकते. शाईचे अक्षर फोटोच्या काळातले आहे की नातवाने पुढे लिहिलेले आहे, हे आधी ठरवावे. बॉलपेन दिसले तर ती नोंद दुसऱ्या महायुद्धानंतरची समजावी आणि तिला पुराव्याऐवजी ऐकीव माहितीचा दर्जा द्यावा.

आपल्याकडे येथे एक खास सापळा आहे. पोर्तुगीज शिकलेली जुनी माणसे महिन्याचे नाव आखडून लिहिताना सातचा आकडा काढून त्यापुढे बारीक ‘ब्रो’ लिहीत. तो जुलै नसून सप्टेंबर असतो, आणि त्याच रीतीने आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर. दोन महिन्यांचा हा फरक मामुली वाटला तरी १९१७ किंवा १९१८ मध्ये दोन महिन्यांत एखाद्या तुकडीची सगळी विमाने बदललेली असू शकत.

मग साधे भिंग घेऊन फोटोचा पृष्ठभाग पाहावा. ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापखान्यातील छपाईचा नमुना आहे, म्हणजे विकत मिळणारे पोस्टकार्ड किंवा मासिकातले कात्रण. विमान खरे असेल, पण त्याचा तुमच्या घराण्याशी संबंध असेलच असे नाही. ठिपके नसून करड्या रंगाच्या सलग छटा दिसल्या तरच तो खरा फोटो होय. आणखी एक प्रकार म्हणजे स्टुडिओतील लाकडी किंवा कापडी विमान, ज्यात बसून लोक हौसेने फोटो काढून घेत. अशा ‘विमाना’ला पंख ताणणाऱ्या तारा नसतात आणि मागचे आकाश रंगवलेले असते. ते ओळखता आले तर पुढच्या सगळ्या तपासण्या वाचतात.

फोटो उलटा तर छापलेला नाही ना

काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली की सगळे चित्र आरशातल्यासारखे होते, आणि मग पंख्याच्या फिरण्याची दिशा, बंदुकीची बाजू, धुराड्याची बाजू असे सर्व तपशील खोटे ठरतात. यासाठी विमानाकडे पाहण्याआधी माणसांकडे पाहावे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. लष्करी अधिकाऱ्याचा तिरका पट्टा उजव्या खांद्यावरून उतरतो. पदकांच्या फिती आणि वैमानिकाचे पंखांचे बिल्ले डाव्या छातीवर असतात. हे उलटे दिसले तर स्कॅन केलेले चित्र आडवे पालटून घ्यावे आणि मगच पुढे जावे.

स्थळ आणि काळ यांची कुंपणे

नाव शोधण्याआधी काय असू शकत नाही ते ठरवणे हा या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फलदायी भाग आहे, असे माझे मत आहे. फोटो गोव्यातल्याच धावपट्टीवरचा असेल, तर तो दोन्ही महायुद्धांतला नाही, कारण दाबोळीची धावपट्टी पन्नाशीच्या दशकातली आहे आणि तेथून उडणारी पोर्तुगीज कंपनी टी. ए. आय. पी. १९५५ मध्ये स्थापन झाली. तिची हेरॉन, व्हायकिंग, डीसी-४ ही प्रवासी विमाने ‘लष्करी’ म्हणून सांगितलेली मी पाहिली आहेत.

मेसोपोटेमियाचे, म्हणजे आजच्या इराकचे, पाहू. १९१५ मध्ये तेथे फार्मान आणि कॉड्रॉन जातीची विमाने होती, नंतर बी. ई. २सी ही दोन आसनी ब्रिटिश विमाने आली, एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेला, जिच्यात मराठा पलटणीही होत्या, हवेतून धान्याच्या गोण्या टाकण्याचा प्रयत्न झाला आणि २९ एप्रिलला कुत पडले. पूर्व आफ्रिकेत १९१५ मध्ये रुफिजीच्या मुखात लपलेल्या क्योनिग्सबर्ग या जर्मन युद्धनौकेवर नजर ठेवण्यासाठी नौदलाची विमाने वापरली गेली आणि १९१६ पासून तेथेही बी. ई. २सी दिसतात. ब्रिस्टल फायटर हे दोन आसनी ब्रिटिश विमान मात्र फ्रान्समध्येच एप्रिल १९१७ मध्ये प्रथम लढाईत उतरले. तेव्हा ‘बसरा १९१५’ आणि ब्रिस्टल फायटर या दोहोंतले एक निश्चित चूक आहे.

याच्या उलट बाजूची चूक जास्त होते. ब्रिस्टल फायटर भारताच्या वायव्य सरहद्दीवर १९३२ पर्यंत होते, आणि डी. एच. ९ए हे विमानही युद्धानंतर बरीच वर्षे इराक आणि सरहद्दीवर उडत राहिले. कराची किंवा पेशावरकडील नोकरीतला १९२५ चा फोटो केवळ विमान जुने दिसते म्हणून पहिल्या महायुद्धात ढकलला जातो. डी. एच. ९ए च्या बाबतीत एक ठळक खूण आहे: वाळवंटी मुलखात उडणाऱ्या या विमानांच्या कुशीला एक सुटे चाक बांधलेले असे आणि नाकाखाली जादा रेडिएटर लोंबत असे. ते चाक दिसले की युद्ध संपलेले आहे असे समजावे. त्याहून सामान्य गल्लत टायगर मॉथची. हे शिकाऊ विमान १९३१ मध्ये प्रथम उडाले आणि दुसऱ्या महायुद्धात भारतभर होते; दोन पंख आणि उघडे कॉकपिट पाहून घरचे लोक त्याला १९१७ मध्ये नेऊन बसवतात. त्याचे पंख मागे झुकलेले असतात, एवढे पाहिले तरी पुरे.

नीट स्कॅन

येथे प्रथमच थोडा खर्च येतो. चौकटीच्या काचेवरून फोनने काढलेल्या चित्रावर कोणतेही अनुमान बांधू नये. सपाट स्कॅनरवर, कमीत कमी ६०० आणि फोटो लहान असेल तर १२०० डीपीआयने, दोन्ही बाजू स्कॅन करून घ्याव्यात. म्हापसा, मडगाव, पणजी येथील चांगल्या फोटो स्टुडिओत हे होते. ‘सुधारून’ देऊ का असे विचारले तर नको म्हणून सांगावे. हल्लीची अ‍ॅप्स धूसर जागी स्वतःच्या कल्पनेने रेषा भरतात, अस्पष्ट क्रमांकाचे ठसठशीत पण खोटे आकडे करतात, आणि रंग तर सरळ मनचे देतात. रंगवलेल्या फोटोवरून पंखावरच्या चिन्हाचा देश ठरवण्यासारखी निरर्थक गोष्ट दुसरी नाही.

बांधणी: इंजिन, पंख, दांडे

चिन्हांच्या आधी बांधणी पाहावी, कारण चिन्हाचा रंग फिल्मवर अवलंबून असतो, बांधणी नसते.

पहिला प्रश्न: पंखा पुढे आहे की मागे? पंखा मागे आणि पुढे टोपलीसारखा उघडा भाग असेल तर फार्मान, एफ. ई. २बी, डी. एच. २ अशा मागून ढकलणाऱ्या विमानांचा गट. फार्मानमध्ये सर्वांच्या पुढे लांब दांड्यांवर एक आडवी फळी असेल तर तो ‘लाँगहॉर्न’, नसेल तर ‘शॉर्टहॉर्न’.

दुसरा प्रश्न इंजिनाचा, आणि येथे सावकाश थांबावे. नाक गोल असेल तर दोन शक्यता असतात. रोटरी इंजिनात सिलिंडरे पंख्याबरोबर गरगर फिरतात आणि मधला दांडा स्थिर असतो. त्यामुळे प्रत्येक सिलिंडराला स्थिर धुराडे जोडणे शक्यच नसते, भोवती गुळगुळीत गोल झाकण असते आणि एरंडेलाच्या तेलाने पोटाकडची बाजू काळवंडलेली दिसते. रेडियल इंजिनात सिलिंडरे स्थिर असतात, म्हणून त्यांना धुराडी असू शकतात, आणि ती उघडी वाऱ्यावर ठेवलेली असतात. हा एक तपशील पहिल्या महायुद्धातील सॉपविथ आणि १९३० च्या सुमाराचे वापिटी हे ब्रिटिश दुपंखी विमान यांना वेगळे करतो. भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोडवर चार वापिटी विमानांवर उभी राहिली, हे लक्षात घेतले तर आपल्याकडच्या फोटोंत वापिटी का येते हेही उलगडते. नाक लांबट आणि टोकदार असेल तर सिलिंडरे रांगेत आहेत आणि धुराडी कुशीवरून जातात किंवा पंखावरून वर येतात. बी. ई. २सी मध्ये ती दोन नळ्यांसारखी वर उभी दिसतात, पंख्याला चार पाती असतात आणि निरीक्षक पुढच्या जागेत बसतो. ज्यांना गोल आणि लांबट नाकांतला फरक डोळ्यांनी पाहायचा आहे त्यांनी दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात जावे. तेथे पहिल्या महायुद्धातले विमान नाही, पण सुपर कॉन्स्टेलेशनचे गोल इंजिन आणि फेअरी फायरफ्लायचे लांबट नाक एकाच आवारात पाहायला मिळते.

तिसरा प्रश्न पंखांचा. एका बाजूला उभ्या दांड्यांच्या किती जोड्या आहेत ते मोजावे. कॅमलमध्ये एक जोडी, बी. ई. २सी आणि ब्रिस्टल फायटरमध्ये दोन. ब्रिस्टल फायटरची हमखास खूण म्हणजे धड खालच्या पंखावर टेकलेले नसते. दोहोंमध्ये सरळ आरपार फट दिसते. कॅमलचा वरचा पंख सपाट आणि खालचा टोकांकडे वर उचललेला असतो, आणि कॉकपिटपुढे दोन मशीनगनांवर उंचवटा असतो. एकच गन दिसली तर बहुधा ते सॉपविथ पप आहे. व्हीच्या आकाराचे दांडे दिसले म्हणजे न्युपोर, असे झटकन म्हणू नये, कारण जर्मन अल्बाट्रॉस डी-३ आणि डी-५ यांनाही तसेच दांडे आहेत. अल्बाट्रॉसचे धड प्लायवुडचे, गोलसर आणि गुळगुळीत असते. वरचा पंख खालच्यापेक्षा मागे असेल तर शक्यता फारच थोड्या उरतात. त्यांत सॉपविथ डॉल्फिन येते, आणि याच विमानावर २३ स्क्वाड्रनचे मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये लढताना पडले. त्याच युद्धात भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय एस. ई. ५ए वर आणि हरदित सिंग मलिक कॅमलवर होते. कॅमल हे नाव आपल्याकडे इतके तोंडी बसण्यामागे मलिकांची कीर्ती असावी, असा माझा तर्क आहे.

आकाराचाही अंदाज घ्यावा. शेजारी उभ्या माणसाची उंची साडेपाच फूट धरून पंखांचा पसारा मोजला तर कॅमल २८ फूट, बी. ई. २सी ३७, ब्रिस्टल फायटर ३९ आणि डी. एच. ९ए सुमारे ४६ फूट येते. फोटो तिरक्या कोनातून काढलेला असेल तर हे माप सोडून द्यावे.

चिन्हे, आणि फिल्मने केलेली फसवणूक

त्या काळातील बऱ्याच फिल्म आणि काचपट्ट्या ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना तांबडा प्रकाश दिसतच नसे, म्हणून तांबडे काळे उमटे. निळे मात्र जवळजवळ पांढरे उमटे. पिवळेही गडद येई. याचा परिणाम असा की ब्रिटिश वर्तुळातला बाहेरचा निळा पट्टा मधल्या पांढऱ्यात विरघळून जातो आणि फिकट थाळीत एक काळा ठिपका तेवढा उरतो. मग ‘जपानी विमान’ अशी नोंद होते. फ्रेंच वर्तुळात रंगांचा क्रम उलटा, म्हणजे तांबडा बाहेर आणि निळा मध्यभागी, त्यामुळे तेथे काळे कडे दिसते आणि मध्य फिकट. शेपटीच्या पट्ट्यांवर मात्र या दोन देशांत भेद करू नये. पहिल्या महायुद्धात दोघांचाही क्रम पुढून मागे निळा, पांढरा, तांबडा असाच होता.

फिल्म कोणती, हे फोटोतच तपासता येते. रंग ठाऊक असलेली एखादी वस्तू शोधावी. ब्रिटिश निशाण असेल तर उत्तम, नाही तर चेहरे पाहावेत. ओठ काळेकुट्ट आणि आकाश कोऱ्या कागदासारखे असेल तर ऑर्थोक्रोमॅटिकची शक्यता जास्त.

काळ्या क्रुसाबद्दल गोव्यातील वाचकांनी विशेष सावध राहावे. पोर्तुगीज विमानांवर तांबडा ‘ख्रिस्ताचा क्रूस’ असे, आणि तो अशा फिल्मवर काळाच उमटतो. १९२२ मध्ये गागो कुटिन्यो आणि साकादुरा काब्राल यांनी दक्षिण अटलांटिक ओलांडला, त्या फेअरी जलविमानांवरही हाच क्रूस होता. त्याच्या आत एक बारीक पांढरा क्रूस असतो आणि भुजांची टोके कोनदार रुंदावतात. जर्मन क्रुसात आतला पांढरा क्रूस नसतो. जर्मन क्रुसाचाही काळ लावता येतो: १९१८ च्या वसंत ऋतूपर्यंत भुजा वक्र आणि टोकांकडे रुंद, त्यानंतर सरळ. तुर्की विमानांवर पांढऱ्या कडेचा काळा चौकोन असे, तो मेसोपोटेमियाच्या फोटोंत लक्षात ठेवावा.

दुसऱ्या महायुद्धाचे काम त्या मानाने सोपे आहे. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी चिन्हाशी घोटाळा नको म्हणून ब्रिटिश वर्तुळातला तांबडा मध्य काढून टाकण्यात आला. अमेरिकन ताऱ्यातला तांबडा ठिपका मे १९४२ मध्ये गेला आणि बाजूचे पांढरे पट्टे जून १९४३ मध्ये आले, त्यामुळे चिन्हावरूनच वर्ष निघते.

क्रमांक

धडावर किंवा शेपटीवर क्रमांक वाचता येत असेल तर बाकीचे बरेचसे वाद मिटतात. ब्रिटिश क्रमांक आधी नुसते आकडे होते, ते १० हजारांवर पोचल्यावर १९१६ मध्ये ‘ए’ हे अक्षर लागले आणि मग बी, सी असे पुढे गेले. ‘के’ आणि चार आकडे म्हणजे १९२९ किंवा नंतर. दोन अक्षरे आणि तीन आकडे म्हणजे दुसरे महायुद्ध किंवा त्यानंतर. जर्मन क्रमांकात तिरक्या रेषेनंतर मागणीचे वर्ष असे. जर्मन वैमानिक रिख्तहोफेन ज्या फोकर त्रिपंखीत २१ एप्रिल १९१८ रोजी मारला गेला तिचा क्रमांक ४२५/१७ होता. मात्र एकच आकडा अस्पष्ट असेल तर तो ‘अंदाजे’ भरू नये. तेथे प्रश्नचिन्हच लिहावे.

कोठे थांबावे

फोटो काचेला चिकटलेला असेल, पावसाळ्यातील दमटपणाने बुरशी धरलेली असेल, काचपट्टीवरचा थर पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर हात लावू नये. ओल्या कापडाने पुसणे किंवा गरम हवेने सोडवणे यांनी चित्रच निघून येते. अशा वेळी छायाचित्र जतन करणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडे जावे. वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक आणि लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा यांसारख्या संस्थांकडे विचारणा करता येते. जुनी निगेटिव्ह पिवळी, चिकट आणि उग्र वासाची झाली असेल तर ती नायट्रेटची असू शकते आणि ती लवकर पेट घेते. ती घरात बंद डब्यात ठेवू नये, स्कॅनरवर तर मुळीच नाही.

ओळखीच्या बाबतीत थांबण्याची जागा वेगळी. वरच्या सगळ्या तपासण्या करून ‘दोन आसनी, रांगेतील सिलिंडरांचे, ब्रिटिश, १९१७ नंतरचे’ एवढेच हाती आले, तर तेवढेच लिहावे. नाव छापायचे असेल, संग्रहालयाला फोटो द्यायचा असेल किंवा पणजोबांची नोकरी सिद्ध करायची असेल, तर विमानांचा जाणकार इतिहासकार किंवा लंडनचे इंपीरियल वॉर म्युझियम आणि तेथील राष्ट्रीय अभिलेखागार यांच्याकडे वळावे. नोकरीच्या नोंदी विमानावरून निघत नाहीत, त्या पलटणीच्या आणि खात्याच्या कागदांतूनच निघतात. तज्ज्ञाला दोन्ही बाजूंचे न सुधारलेले स्कॅन, मागच्या मजकुराची जशीच्या तशी नक्कल आणि कोणत्या शक्यता कशामुळे बाद केल्या याची टिपणे पाठवावीत. स्वतःचा अंदाज त्याने आपला कळवल्यानंतर सांगावा.